टेप लावलेला नॉब

"मीटर चालू हाय, एवढंच लिहून द्या साहेब. जास्त काही न्हाई पाहिजे," पारसशेठ म्हणाले आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेली वस्तू त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

मी टॉवेल उघडला आणि शेठचं बोलणं क्षणभर विसरूनच गेलो. आत एक जुना डिजिटल मल्टिमीटर होता. देशी बनावटीचा, जाड डब्याचा, लाल आकड्यांचा. हे मॉडेल मी कित्येक वर्षं शोधत होतो. जालन्याच्या भंगार बाजारात, संभाजीनगरच्या जुन्या रेडिओवाल्यांकडे, सगळीकडे विचारून झालं होतं. "केवढ्याला देता?" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण शेठच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते गिळले.

माझी थोडी ओळख करून देतो. जालन्याच्या एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये मी इन्स्ट्रुमेंट सेक्शनला होतो. भट्टीचं तापमान मोजणारी, करंट मोजणारी, दाब मोजणारी जी काही यंत्रं असतील, ती बरोबर मोजतात की नाही हे पाहणं माझं काम. निवृत्त झाल्यावर लोक देवधर्माला लागतात, मी जुने मल्टिमीटर दुरुस्त करायला आणि जमवायला लागलो. बायको म्हणते, "लोकाच्या घरात शोकेस असतं, आपल्या घरात भंगार असतं." तिचं चुकतं असं नाही.

मल्टिमीटर म्हणजे वीज मोजायचं हातातलं यंत्र. त्याला लाल आणि काळी अशा दोन वायरी. त्यांची टोकं वीज असेल तिथे टेकवली की समोर आकडा दिसतो. मधोमध एक गोल नॉब असतो. काय मोजायचं आणि किती मोठं मोजायचं, हे तो फिरवून ठरवायचं. सेलपासून घरातल्या विजेपर्यंत सगळं त्यात मोजता येतं. पण इलेक्ट्रिशियनला रोज त्याच्याकडून एकच उत्तर हवं असतं. समोरच्या तारेत करंट आहे की नाही?

पारसशेठची परतूरजवळ जिनिंग आहे. कापसातली सरकी वेगळी करून रुई काढायचा कारखाना. घराणं मूळ राजस्थानचं, पण आता त्यांना परतूर सोडून दुसरं गाव ठाऊक नाही. त्यांच्या वडिलांच्या काळापासून तिथले मीटर आणि वजनकाटे माझ्या हातून गेले आहेत. म्हणून ते माझ्याकडे आले होते. पण या वेळचं काम दुरुस्तीचं नव्हतं.

"आमच्याकडं एक माणूस गेला साहेब. गणेश. फिटर व्हता," शेठ म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. रुई वाहून नेणारा एक पट्टा अडकला होता. त्याची मोटर सोडवायची होती. इलेक्ट्रिशियन मिलिंदने मेन स्विचचं हँडल खाली ओढलं, मोटरचं टर्मिनल आणि अर्थिंग यांच्यामध्ये हा मीटर लावला आणि गणेशला म्हणाला, "बंद हाय, धर." गणेशने हात घातला. लाइन चालू होती. गणेश जागेवरच गेला.

नंतर स्विच उघडल्यावर कळलं की हँडल खाली आलं होतं, पण आतल्या तीन पात्यांपैकी एक पातं तापून चिकटलं होतं. बाहेरून बंद, आतून चालू. ती गोष्ट पंचनाम्यात आली होती. आता सरकारी विद्युत निरीक्षकांना एवढंच हवं होतं की मिलिंदने तपासलं होतं की नाही.

"मिलिंद म्हणतो, मीटर लावल्ता, शून्य दाखवलं. पण आमच्या सुपरवायझरनं दुसऱ्या दिशी हाच मीटर लावून पाह्यला. बराबर दाखवलं. मंग आता खोटं कोण? मीटर का मिलिंद?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"माझ्या वाटण्याला कोण विचारतं? गणेशची बायको म्हणती, यानं मीटर हातातबी धरला न्हाई, माझ्या माणसाला सरळ करंटात घातलं. सगळे तेच बोलून राह्यले. मिलिंद अन् गणेश एका ताटात जेवणारे. आता ती बाई मिलिंदच्या घरापुढून जात न्हाई. अन् मिलिंदचं तर विचारू नका. कामावर येतो, खाली मान घालून बसतो. पोलिसांचं बोलावणं कधी येईल सांगता येत न्हाई."

शेठ वाईट माणूस नाही. त्यांना प्रकरण मिटवायचं होतं आणि मीटर चालू आहे हे तर त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. एका ओळीच्या कागदाने मिलिंद खोटा ठरणार होता, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण जे दिसलं ते दिसलं, असा त्यांचा सरळ हिशेब.

"मीटर राहू द्या. सांगतो," मी म्हणालो.

आमच्या कामात एक नियम असतो. यंत्र हातात आलं की आधी रीडिंग, मग पेचकस. म्हणजे ते जसं आलं तसंच आधी मोजायचं. न साफ करता, न उघडता. त्याला आम्ही ॲज फाउंड म्हणायचो. एकदा साफ केलं की ते आधी किती चुकत होतं हे ब्रह्मदेवाच्या बापालाही सांगता येत नाही. नवीन पोरं हे विसरायची आणि माझ्या शिव्या खायची.

मी मीटर सुरू केला. लाल आकडे उजळले. इतक्या वर्षांनंतरही डिस्प्लेची एकही रेघ गेलेली नव्हती. जिनिंगमध्ये हा मीटर टिकून राहण्याचं कारण तेच. नव्या मीटरचे काळसर आकडे त्या धुळीत आणि अंधारात दिसत नाहीत, याचे लांबूनही दिसतात. माझ्याकडे व्हॅरिॲक आहे, म्हणजे पाहिजे तेवढा व्होल्टेज काढून देणारं यंत्र. त्यावर दहापासून अडीचशेपर्यंत मोजून पाहिलं. शेजारी माझा खात्रीचा मीटर ठेवला होता. दोघांचे आकडे जुळत होते. वायरी वाकवून पाहिल्या, ओढून पाहिल्या. काही नाही. मीटर ठणठणीत होता.

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. मिलिंदला मी ओळखत होतो. परतूरला बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत राहतो. शेठच्या कामासाठी दोनचारदा माझ्याकडे आला होता. कमी बोलणारा, नीट काम करणारा. पण चांगली माणसं खोटं बोलत नाहीत असं कुठे आहे? घाबरलेला माणूस काहीही बोलतो. मी लिहायला पेन काढला.

लिहिण्याआधी मीटर उचलून बाजूला ठेवायला गेलो तेव्हा बोटाला चिकटलं.

नॉबच्या कडेला चिकट डिंकाचा पट्टा होता. त्याच्या रेषेत खालच्या डब्यावरही तसाच पट्टा. त्यावर रुईचा बारीक भुरा बसून राखाडी झालेला. काळ्या इन्सुलेशन टेपचा डिंक असा राहतो. म्हणजे नॉबपासून डब्यापर्यंत टेप ओढून लावलेली होती. नॉब हलू नये म्हणून. आणि डिंकाच्या रेषा जुळवल्या तर नॉब एका ठिकाणी येत होता, साडेसातशे व्होल्ट एसी. घरची, कारखान्याची वीज मोजायची ती जागा.

मी शेठला फोन लावला. "मीटरला टेप होती का?"

त्यांनी सुपरवायझरच्या हातात फोन दिला. तो म्हणाला, "व्हती ना सर. पक्की लावल्ती. नॉब फिरंना म्हणून मी काढली. चारपाच डाव गरगर फिरवला अन् मंग लावून पाह्यला. एकदम बराबर."

मी कपाळावर हात मारला. हे का, ते सांगतो.

नॉबच्या आत पितळेची बारीक पट्टी असते. नॉब फिरला की ती खालच्या गोल गोल ठिपक्यांवरून घासत जाते आणि ज्या ठिपक्यावर थांबेल तिथून वीज आत जाते. या घासण्याने ठिपका साफ होत राहतो. म्हणून जुना मीटर हातात आला की मेकॅनिकचा हात आपोआप नॉबवर जातो. आठदहा वेळा गरगर फिरवायचा, मग वापरायचा. देवळात गेल्यावर घंटेला हात जातो तसा. मीही तेच करतो. सुपरवायझरने वेगळं काही केलं नाही. पण तो नॉब जर कित्येक महिने एकाच जागी अडकून होता, तर सुपरवायझरने त्या पाच फेऱ्यांत फॉल्ट पुसून टाकला होता. मला आलेला मीटर हा अपघाताच्या दिवशीचा मीटर नव्हताच.

मी मिलिंदला बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो जालन्याला आला. दारातच उभा राहिला. बस म्हटलं तर बसेना. बायकोने चहा आणला, तो तसाच राहिला. चाळिशीतला माणूस, पण म्हातारा दिसत होता.

"टेप कशाला लावली होती?" मी विचारलं.

तो दचकला. "मीटर जळू नये म्हणून सर. आमाला फकस्त लाइन पाहायची असती. मागं एका पोऱ्यानं नॉब भलत्याच ठिकानी ठेवला अन् लाइनीला लावला. फाटकन उडला मीटर. त्याचा हात भाजला. तो दुसरा मीटर व्हता. तवापासून याला टेप."

"तू लावली?"

तो टेबलावरच्या मीटरकडे बघत राहिला. मी परत विचारलं.

"गणेशनं लावल्ती," तो म्हणाला. "म्हणला, आपल्याला एकच जागा लागती ना, मंग बाकीच्या कामून उघड्या ठेवायच्या? आता कुनाचा हात भाजायचा न्हाई." एवढं बोलून त्याने भिंतीकडे तोंड केलं. "सर, हे वहिनीला सांगू नका. तुमच्या पाया पडतो."

मी त्याला हो म्हणालो नाही आणि नाही म्हणालो नाही. मला दुसरा प्रश्न विचारायचा होता, आणि तो विचारायला जड जात होतं.

"मिलिंद, मोटरला लावायच्या आधी मीटर चालू लाइनवर लावून पाहिला होता का?"

याचं कारण सांगायला हवं. बंद लाइन तपासायची पद्धत अशी की मीटर आधी चालू असलेल्या सॉकेटला लावायचा. तिथे आकडा आला म्हणजे मीटर धड आहे. मग बंद केलेल्या लाइनीला लावायचा. शून्य आलं की पुन्हा चालू सॉकेटला लावून खात्री करायची. कारण लाइन बंद असली तरी शून्य दिसतं, आणि मीटर बिघडला असला तरी शून्यच दिसतं.

"न्हाई," मिलिंद म्हणाला.

"टेस्ट लॅम्प?" म्हणजे होल्डरला दोन वायरी जोडलेला साधा बल्ब. जुने वायरमन तोच वापरायचे.

"पेटीत व्हता. काढला न्हाई. रोज हाच मीटर, रोज बराबर दाखवायचा. सर, मी तेवढं खोटं न्हाई बोलणार. पण मीटर लावल्ता. तीन शून्यं म्या या डोळ्यांनी पाह्यली. आता लोक इतकं बोलून राह्यले की मलाच वाटतं, लावल्ता का न्हाई? रातच्याला उठून हात पाहतो, या हातात वायरी व्हत्या का."

मी म्हणालो, "बस. आपण उघडून बघू."

त्याच्या समोरच मीटर उघडला. नॉबखालची पट्टी भिंगातून पाहिली आणि मला सापडलं. साडेसातशेच्या ठिपक्यावर काळा डाग होता. बाकीचे ठिपके फिक्या पिवळ्या रंगाचे, हा एकटा काजळी धरलेला. जिनिंगमध्ये मशीन चालू असताना सगळी इमारत थरथरते. मीटर मशीनच्या सांगाड्याला अडकवलेल्या पेटीत राहायचा. पट्टी एकाच जागी दिवसरात्र थरथरत होती. अशाने धातूची काळी पूड तयार होते आणि ती वीज अडवते. त्यात रुईचा भुरा. एक चपटा झालेला तंतू त्या काळ्यात माखून पट्टीच्या टोकाशी अजून अडकलेला होता. सुपरवायझरने नॉब फिरवल्यावर पट्टी डागाच्या बाजूला सरकली होती, चकचकीत भागावर. डाग तिथेच होता.

स्पिरिटमध्ये बुडवलेली काडी फिरवली असती तर मीटर नवा झाला असता. बोटं शिवशिवत होती, खोटं कशाला बोलू? सगळा जन्म हेच केलं. पण मी काडीला हात लावला नाही.

या मॉडेलच्या नॉबला थोडी ढिलाई असते. एका जागी बसलेला असूनही तो किंचित इकडेतिकडे हलतो. मी झाकण बंद केलं, एक बल्ब सॉकेटला लावून पेटवला आणि त्याच सॉकेटला मीटरच्या वायरी जोडल्या. दोनशे एकतीस. मग नॉब अगदी हलक्या हाताने उजव्या अंगाला, टेपने तो जिकडे ओढून धरला असणार तिकडे ढकलला आणि पेचकसाच्या लाकडी मुठीने डब्यावर हळूच टकटक केली.

तीन शून्यं.

शेजारी बल्ब पेटलेला. मीटर म्हणतोय करंट नाही.

मिलिंद आत्तापर्यंत उभा होता. तो खाली फरशीवर बसला. "हेच," म्हणाला. "सर, हेच दिसल्तं." आणि तो रडायला लागला. मोठ्या माणसाला इतकं मोकळं रडताना मी क्वचित पाहिलं आहे. फॉल्ट सापडल्यावर मला एरवी आनंद होतो, बायकोला हाक मारून दाखवतो. त्या दिवशी मी नुसता त्याच्याजवळ बसून राहिलो.

संध्याकाळी शेठचा फोन आला. "काय निघालं?"

"दोन्ही निघालं. मीटर फसवत होता. मिलिंदने तो लावला होता, यात मला शंका नाही. पण त्याने मीटर आधी चालू लाइनवर तपासून घेतला नव्हता. मी दोन्ही लिहिणार."

शेठ मग म्हणाले, "लिहा. बिलकुल लिहा. पण साहेब, एक काम करा. सुनीताला तुमीच दाखवा. आमचं ती ऐकायची न्हाई."

सुनीता म्हणजे गणेशची बायको. माहेर आष्टीचं. अपघातानंतर ती तिकडेच होती. ठरलेल्या दिवशी मी मीटर, बल्ब आणि वायरी घेऊन परतूरला गेलो. शेठच्या ऑफिसात टेबलावर सगळं मांडलं आणि टेपने धरला होता तसा नॉब उजव्या अंगाला ओढून धरणारं एक रबर लावलं. ती भावाबरोबर आली. भाऊ दाराशी थांबला. ती खुर्चीवर बसली, पदर घट्ट धरून. मिलिंद कोपऱ्यात उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मला काय दाखवायलेत?" ती म्हणाली. "यांनी मीटर लावलाच न्हाई, सगळ्याला ठावं हाय."

मी तिला टेपचं सांगितलं, नॉबचं सांगितलं. कळेल अशा शब्दांत सांगायचा प्रयत्न केला. ती ऐकत होती की नाही कुणास ठाऊक. मग मी बल्ब पेटवला.

"ताई, बल्ब पेटलाय?"

"हो."

"म्हणजे तिथे करंट आहे."

"हायच की."

"आता या मीटरच्या वायरी त्याच ठिकाणी लावतो. यात काय दिसतं?"

ती पुढे वाकली. "शून्य." मग तिने बल्बकडे पाहिलं, पुन्हा मीटरकडे. "तीन शून्यं."

"आता मी नॉब जरा डावीकडे दाबतो."

दोनशे तीस. बोट काढलं, पुन्हा शून्य.

"मी दाबू?" तिने विचारलं.

मी तिला जागा करून दिली. तिने बोट ठेवलं, आकडा आला. बोट काढलं, गेला. तिने पुन्हा केलं. पुन्हा केलं. किती वेळा केलं मी मोजलं नाही. बाहेर ट्रॅक्टरमधून कापूस उतरवणाऱ्यांचा आवाज येत होता. ती त्या लाल आकड्यांकडे अशी पाहत होती, जणू शेवटी तेच तिला काही सांगणार होते.

मग ती न वळताच म्हणाली, "भाऊजी, हा बल्ब त्या दिशी कामून न्हाई लावला?"

मीटर आधी चालू लाइनवर तपासायच्या पद्धतीचं मी तिच्यापाशी अक्षर बोललो नव्हतो. टेस्ट लॅम्पचंही नाही. डोळ्यांसमोर बल्ब होता, नवरा गेलेला होता, तिला तो प्रश्न पडणारच होता.

मिलिंद पुढे आला. "पेटीत व्हता, वहिनी. काढला न्हाई. ती चूक माझी. मीटर लावल्ता, शून्य पाह्यलं, अन् त्याला म्हणलं धर. बल्ब लावला असता तर गणेश आज असता."

मला वाटलं आता ती ओरडेल. ती ओरडली नाही. बराच वेळ नॉबवरच्या डिंकाच्या पट्ट्यावरून बोट फिरवत राहिली. सगळ्या बोलण्यातलं टेपचं तेवढं तिच्या ध्यानात राहिलं असावं.

"अन् ही टेप? ही कुनी लावल्ती?"

मी मिलिंदकडे पाहिलं. मिलिंदने माझ्याकडे पाहिलं नाही.

"मी लावल्ती," तो म्हणाला.

आयुष्यभर मी एकच काम केलं. चुकीचं रीडिंग दिसलं की बोललो. साहेबांच्या तोंडावर बोललो, मालकांच्या तोंडावर बोललो. त्यासाठी दोनदा बढती हुकली, त्याचं मला कधी दुःख झालं नाही. त्या खोलीत खरं उत्तर काय हे दोघांनाच ठाऊक होतं आणि त्यातला एक खोटं बोलला होता. मी तोंड उघडलं नाही. या लेखातली नावं मी बदलली आहेत आणि परतूरच्या जागी दुसरं गाव धरलं तरी चालेल, ते याचसाठी.

सुनीता उठली. आता मात्र तिने मिलिंदकडे सरळ पाहिलं. "मी लेकराला सांगून राह्यले व्हते की मिलिंदकाकानं तुझ्या बापाला न पाहता करंटात घातलं. आता तसं न्हाई सांगणार. पाहून घातलं. पाह्यलं ते खोटं निघालं." दारापर्यंत गेली आणि थांबली. "पर टेप लावायला नव्हती पाहिजे, भाऊजी."

"चुकलं, वहिनी," मिलिंद म्हणाला.

ती गेली. शेठ डोळे पुसत होते. मी वायरी गुंडाळल्या. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

मी रिपोर्ट दिला. नॉब टेपने अडकवलेला होता, त्यामुळे कॉन्टॅक्ट खराब होऊन चालू लाइनवर मीटर शून्य दाखवत होता, आणि तपासणाऱ्याने मीटरची आधी खात्री केली नव्हती. टेप कुणी लावली हे निरीक्षकांनी विचारलं नाही, मी लिहिलं नाही. मिलिंदवर निष्काळजीपणाचा ठपका आलाच, पण "मीटर न लावता काम दिलं" हे वाक्य त्यांच्या कागदातून गेलं. शेठने त्याला कामावर ठेवलं. सुनीता परत परतूरला राहायला आली, पोराची शाळा तिथेच आहे. मिलिंदशी ती आता बोलते, असं शेठ सांगतात. पहिल्यासारखं नाही, कामापुरतं. टेपचा विषय निघाला की तो "चुकलं" म्हणतो आणि ती ऐकून घेते.

मीटर निरीक्षकांच्या ऑफिसात जमा आहे. पुढे तो मोकळा झाला तर शेठ मला देतो म्हणाले. मी नको म्हणालो. दुसरा मिळेल.

इलेक्ट्रिशियन मंडळींना एवढंच सांगणं. मीटर आधी चालू सॉकेटला लावा, मग बंद लाइनला, मग परत चालू सॉकेटला. नॉब अधूनमधून पूर्ण फिरवत जा. पेटीत टेस्ट लॅम्प असेल तर तो बाहेर काढा, पेटीत तो काही कामाचा नाही. आणि टेप वायरीला लावायची असते.